चढ पायांचा, उतार बोटांचा

पावसातल्या सायकल शर्यतीत उतरणाऱ्यांची लोक कीव करतात ती भिजण्यावरून. भिजणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट जुलैत चढताना अंग इतकं तापतं की वरून पडणारं पाणी हवंहवंसंच वाटतं. फोटोही चढावरचेच काढले जातात. निकाल मात्र पुष्कळदा माथा ओलांडल्यावर फिरतो, आणि तो फिरवतात ब्रेकवरची दोन बोटं.

१९८८च्या जिरो दि'तालियात, म्हणजे इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीत, गाव्हिया घाटाच्या माथ्यावर भर हिमवर्षावात सगळ्यांच्या आधी पोचला तो योहान फान डर व्हेल्डे, अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत. उतारावर तो असा काही गारठला की शेवटच्या रेषेशी आला तेव्हा पाऊण तासाहून जास्त मागे पडला होता. आपल्या घाटांत बर्फ नाही, पण ओली जर्सी आणि समोरचा वारा वीस अंशांतही बोटं बधिर करतात. माथ्यावर जर्सीखाली छातीशी वर्तमानपत्राची घडी सारायची जुनी युक्ती अजून चालते. रविवारची पुरवणी असेल तर उत्तम. तिचा असा उपयोग तरी होतो.

खरी तयारी आदल्या संध्याकाळची. सत्तर किलोच्या माणसाने २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये एरवी ९५ पीएसआय हवा भरली असेल, तर पावसासाठी ८५ पुरे. टायर जरा बसतं, रस्त्याला जास्त टेकतं. हौसेने सत्तरवर आणलं, तर पहिल्याच खड्ड्यात ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चेमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. पंक्चर पावसात एरवीही जास्तच होतात, कारण पाणी वंगणाचं काम करतं आणि काचेचा तुकडा ओल्या रबरात अलगद शिरतो. चेनला ओल्या हवेसाठीचं दाट तेल, एका कडीला एक थेंब, आणि वरचं पुसून टाकायचं. न पुसलेल्या तेलावर माती चिकटते आणि चेनचा कानस होतो.

आता ब्रेक. रिमवर दाबणारी रबरं ओल्यात लगेच धरत नाहीत. चाकाचे पहिले एकदोन फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात ते चार मीटर कधी गेले ते कळत नाही, म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलकेच टेकवून रिम कोरडी करून घ्यायची आणि जोर मग लावायचा. सगळा वेग सरळ रस्त्यावर मारायचा. वळणात सायकल कलल्यावर पुढचा ब्रेक आवळला की पुढचं चाक बाजूला सरकतं, आणि मग करण्यासारखं फारसं उरत नाही. डिस्क ब्रेकवाले इथे सुखी. ओल्यात ते डुकरासारखे किंचाळतात, पण धरतात. रेझिनचे पॅड मात्र चिखलात भराभर झिजतात. लांबच्या शर्यतीला धातूमिश्रित बरे.

बाकी लक्ष रस्त्याकडे. पांढरे पट्टे, गटारांची झाकणं, पुलावरचे लोखंडी सांधे हे सगळं सरळ ओलांडायचं, त्यावर वळायचं नाही. वळणाच्या आतल्या अंगाला डोंगरातून वाहून आलेली लाल माती आणि खडी साचते. सावलीतल्या कडेला शेवाळ. ट्रकमधून सांडलेलं डिझेल इंद्रधनुष्यासारखं चमकतं. दिसायला सुंदर असलं तरी टाळावं. बऱ्याच दिवसांच्या उघडिपीनंतरची पहिली सर सगळ्यात वाईट, कारण साचलेलं तेल तेव्हा वर येतं, धुऊन गेलेलं नसतं. घोळक्यात पुढच्याच्या चाकामागे नेमकं राहिलं तर त्याचा सगळा फवारा तोंडावर येतो. हातभर बाजूला सरकायचं, अंतर एरवीपेक्षा दुप्पट ठेवायचं, आणि हेल्मेटखाली पुढे चोच असलेली कापडी टोपी घालायची.

पावसात तहान लागत नाही आणि शेवटच्या दहा किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे येतात. घड्याळ बघून दर पंधरा मिनिटांनी दोन घोट घ्यावेतच. मात्र बाटलीच्या तोंडावर रस्त्याचं पाणी, म्हणजे पर्यायाने शेण असतं. झाकणाची बाटली घ्यावी, नाहीतर पहिली चिळकांडी रस्त्याला अर्पण करावी. चिक्कीच्या वेष्टनाचा कोपरा घरूनच फाडून ठेवावा. बधिर बोटांना तेवढंही जमत नाही, आणि दातांनी फाडताना डोळे रस्त्यावर राहत नाहीत.

घरी आल्यावर चहाच्या आधी सायकल. सर्व्हिस सेंटरचा जोरदार फवारा नको, तो बेअरिंगमधलं ग्रीस काढून तिथे पाणी भरतो. बादली, मग, जुना ब्रश एवढं पुरतं. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, तासाभराने बदलावेत. मग सीटच्या दांड्याच्या जागी खूण करून तो उपसायचा आणि फ्रेम उलटी धरायची. अर्धी वाटी तांबूस पाणी पडतं.