सर्पदंशाच्या व्हिडिओची मंजुरी : माझा अनुभव

मी कोकणात एका आरोग्य उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पावसाळ्याआधी साप चावल्यावर काय करायचं यावर छोटा मराठी व्हिडिओ करून गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा होता. शूटिंग, एडिटिंग आशाताईंच्या मदतीने मोबाईलवरच झालं. अडलं ते वरच्या ऑफिसच्या मंजुरीत, ते आठवलं की अजून डोकं तापतं.

विभागाच्या नावाने काही टाकायचं तर मंजुरी हवीच, ते मला मान्य आहे. पण अर्ज आवकला, म्हणजे आलेले कागद घेतात त्या टेबलावर दिला आणि पुढे काही हलेचना. साहेब व्हीसीत (व्हिडिओ मीटिंगमध्ये), साहेब दौऱ्यावर, फाईल टेबलावर. फोन केला की "बघतो मॅडम". खूप मागे लागल्यावर कळलं की आक्षेप एकाच वाक्यावर आहे, "दोरी आवळून बांधू नका". का, तर तिथल्या भिंतीवरच्या जुन्या पोस्टरमध्ये दोरी बांधलेली दाखवलीय! मी तिथेच सांगितलं की आवळलं की रक्तपुरवठा तुटतो, फुरसं-घोणस चावली तर पाय आधीच सुजलेला असतो, आणि दोरी सोडली की विष एकदम अंगात जातं, म्हणून पाय हलू न देता काठी लावून सैल बांधायचा आणि दवाखाना गाठायचा. सगळं ऐकलं आणि म्हणाले लेखी आधार द्या. इकडे भातलावणी तोंडावर, कातळावर फुरशी दिसायला लागलेली, आणि लोक अजून दोरीच बांधून येतायत.

शेवटी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सर्पदंश उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं नेटवरून काढली, नेमक्या ओळीखाली पेनने रेघ मारली, आणि व्हिडिओतल्या प्रत्येक वाक्यासमोर पान नंबर लिहिला. सोबत 2024 चा राष्ट्रीय कृती आराखडा जोडला, 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात स्पष्ट आहे. मग मात्र लगेच सही झाली, बाहेर आल्यावर इतकं हलकं वाटलं! तुम्ही असा व्हिडिओ करणार असाल तर हे कागद पहिल्या अर्जालाच जोडा. आणि हो, आवकची पोच घ्या, नाहीतर अर्ज आलाच नाही म्हणतात.

व्हिडिओत सर्वात जास्त चालला तो दवाखान्यातल्या काचेच्या नळीचा शॉट, विषाचा रक्तावर परिणाम झालाय का हे कळायला रक्त 20 मिनिटं तसंच ठेवायचं आणि नळी तिरकी करून गोठलंय का बघायचं. साप मारून आणायची गरज नाही हेही त्यातच घेतलं, कारण नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांच्या विषावर इंजेक्शन एकच. फाईल हलकी ठेवा, आमच्याकडे रेंज सड्यावर (वरच्या उघड्या माळावर) गेल्यावरच येते. 108 नंबर सुरुवातीपासून खालच्या पट्टीत असू दे, शेवटपर्यंत कोणी बघत नाही. आणि दारात गाडी असेल तर ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसू नका, हे वाक्य नक्की घाला.