पॅकेट जात होतं, उत्तर परतत नव्हतं

लिनक्स रूटरला दोन अंतर्गत नेटवर्क जोडलेली होती: १९२.१६८.१०.०/२४ आणि १९२.१६८.२०.०/२४. दहाच्या नेटवर्कमधून वीसमधल्या फाइल सर्व्हरला पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का हे पाहणारी चाचणी) लागेना. रूटरवरून मात्र लगेच लागायचं. याच गोष्टीने मला अख्खी संध्याकाळ चकवलं.

आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कची पॅकेटं दुसऱ्यात पाठवणं) चालू होतं, त्यासाठीच्या नियमांच्या यादीत, म्हणजे फॉरवर्ड चेनमध्ये, दोन्ही दिशांना परवानगी होती, रूटिंग टेबल बरोबर होतं. मग दोन्ही इंटरफेसवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावला. विनंती दहाच्या बाजूने आत आली, वीसच्या बाजूने बाहेर पडली. उत्तर कुठेच नाही. म्हणजे रूटर आपलं काम चोख करत होता.

तेव्हा लक्षात आलं, रूटरवरून पिंग करताना सोर्स पत्ता १९२.१६८.२०.१ जातो. तो सर्व्हरच्या नेटवर्कातलाच, त्याला उत्तर द्यायला गेटवे (दुसऱ्या नेटवर्ककडे नेणारं मशीन) लागतच नाही. पिंगला ‘मायनस कॅपिटल आय’ लावून सोर्स १९२.१६८.१०.१ दिला आणि रूटरवरूनही पिंग बंद! ही चाचणी मी आता सगळ्यात आधी करतो.

सर्व्हरवर टीसीपीडम्पला ‘मायनस ई’ दिल्यावर मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे हार्डवेअर पत्ते) दिसले. सर्व्हर उत्तर देत होता, पण भलत्याच मशीनकडे. वीसच्या नेटवर्कात इंटरनेटसाठी वेगळा फायरवॉल होता आणि सर्व्हरचा डीफॉल्ट गेटवे तोच. त्याला दहाचं नेटवर्क माहीतच नव्हतं.

रूटरवर मास्करेड (पुढे जाणाऱ्या पॅकेटवर रूटरचाच सोर्स पत्ता टाकणं) लावलं तर लगेच चालू झालं. पण सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक जण २०.१ दिसू लागला. फाइल सर्व्हरवर कोण आलं होतं हे कळलंच पाहिजे, म्हणून ते काढलं. मग फायरवॉलवर दहासाठी रूट घातला. तरी टीसीपी जोडणी होईना, कारण सिन पॅकेट (जोडणीची पहिली विनंती) रूटरमार्गे गेलेलं. फायरवॉलला थेट सिन-ॲक (त्या विनंतीचं उत्तर) दिसे आणि तो ते टाकून देई.

शेवटी तो रूट काढून सर्व्हरवरच घातला: १९२.१६८.१०.०/२४ साठी गेटवे १९२.१६८.२०.१. कमांडने दिलेला रूट रीबूटनंतर जातो, म्हणून तो कॉन्फिग फाइलमध्येही लिहिला. डीएचसीपीवरच्या (आपोआप पत्ता मिळणाऱ्या) मशीनना तोच रूट डीएचसीपीच्या ऑप्शन १२१ मधून दिला.

दहाच्या नेटवर्कमधून पुन्हा पिंग केलं. उत्तर आलं, टीटीएल (प्रत्येक रूटरवर एकने घटणारा आकडा) ६३. सर्व्हरचे ६४, वजा आमचा एक रूटर. फायरवॉलचा वळसा असता तर ६२ दिसले असते.