नाव बदललं आणि चॅट गायब: गाठ एकदाची सुटली

चॅट परत आलं, मंडळी! ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटवर चॅनलचं नाव बदलल्यापासून ओव्हरलेचा, म्हणजे स्ट्रीमवर चॅट दाखवणारा, चौकोन कोरा पडला होता. काल रात्री त्यात पहिला मेसेज उमटला, तेव्हा घरातले सगळे बघायला आले इतका मी ओरडलो.

गेमिंगच्या काळातलं बंदुकीचं नाव सोडायचं, हे मागच्या नोंदीत ठरलंच होतं. हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातले, चापडगावच्या बाजूने दिसणारे तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक लाइव्ह दाखवायचे आहेत. नांदूर मधमेश्वर हे रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत) गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. त्याच्या चॅनलला बंदुकीचं नाव मला सहन होत नव्हतं.

बदलायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. 4 ते 25 अक्षरं, तीही इंग्रजीच. अंक आणि अंडरस्कोर चालतात. देवनागरी डिस्प्ले नेम मात्र मिळत नाही. जपानी, कोरियन, चिनी लोकांना त्यांच्या लिपीत मिळतं, आपल्याला का नाही, ही माझी जुनी तक्रार अजून कायम आहे. फॉलोअर, मॉड (चॅट सांभाळणारे), जुने व्हीओडी (स्ट्रीमची रेकॉर्डिंगं) सगळं जागेवर. स्ट्रीम की (प्रक्षेपणाचा गुप्त कोड) तीच, त्यामुळे फोनवरून स्ट्रीम करायच्या लॅरिक्स अ‍ॅपला हातही लावला नाही. अलर्टही वाजत होते.

फक्त चॅट नाही.

ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्राउझर सोर्सची (ओव्हरलेचं वेबपान दाखवणाऱ्या भागाची) कॅश रिफ्रेश केली, सोर्स काढून परत टाकला. शून्य. मग डोक्यात आलं की जे चालतंय ते सगळं अकाउंटच्या आतल्या आकडी आयडीवर चालतंय आणि तो आयडी नावाबरोबर बदलत नाही. ट्विचचं चॅट मात्र आयआरसी या जुन्या चॅट पद्धतीवर आहे, तिथे खोलीत शिरायचं ते चॅनलच्या नावाने. म्हणजे ओव्हरले अजून जुन्याच नावाच्या दारात उभा! ब्राउझर सोर्सची लिंक उघडली तर शेवटी जुनं नाव दिसलंच. चॅटमधल्या बॉटचंही (आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमचंही) तेच दुखणं होतं, पण त्याला लॉगआउट-लॉगिन करून नव्या खोलीत बोलावल्यावर तो निमूट आला.

लिंकमध्ये नवं नाव टाकलं. तरीही कोरं! इथे माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी कारण हाती लागलं ते असं: प्रोफाइलवर नाव वाचायला सोपं जावं म्हणून मधली अक्षरं कॅपिटल ठेवली आहेत आणि लिंकमध्ये तसंच्या तसं पेस्ट केलं होतं. आयआरसीला चॅनलचं नाव सगळं स्मॉल अक्षरांत लागतं. चांगला ओव्हरले ते स्वतःच करून घेतो. मी वापरतो तो फुकटातला छोटा ओव्हरले करत नाही, वर एरर दाखवायचीही तसदी घेत नाही. सगळी अक्षरं स्मॉल केली आणि चॅट धो धो सुरू.

मग ‘लवकरच सुरू’च्या सीनमध्ये परत कोरं. तिथला सोर्स डुप्लिकेट म्हणून पेस्ट केलेला होता, म्हणून त्याची लिंक वेगळी बदलावी लागली. सीन बनवताना पेस्ट रेफरन्सच वापरा, एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं.

आता राहिले स्टिकर. जुन्या नावाचा पत्ता ट्विच नव्याकडे वळवत नाही, त्यामुळे पक्षीमित्रांच्या दुर्बिणींच्या पेट्यांवर चिकटलेले सगळे क्यूआर मेले. जुनं नाव दुसऱ्या अकाउंटवर घेऊन तिथे पाटी लावावी म्हटलं, तर ते किमान 6 महिने कुणालाच मिळत नाही. रविवार कारंजाजवळच्या आमच्या प्रिंटिंगवाल्याकडे नवे टाकणारच होतो (त्याचं विनाइल दोन पावसाळे टिकलंय, ऑनलाइन मागवलेलं पहिल्याच पावसात सोलून निघालं), पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की क्यूआरमध्ये ट्विचचा पत्ता घालायचाच कशाला? स्वतःचं छोटं डोमेन घ्यायचं आणि तिथून ट्विचकडे वळवायचं. पुढे यूट्यूबवर गेलो तरी स्टिकर तोच राहील. ठरलं, छपाई थांबवतो.

नव्या नावातला एक अंडरस्कोरही खुपतोय, तोंडी सांगताना लोक अडखळतात. पुढचा बदल 60 दिवसांनीच करता येतो, म्हणजे ऐन हंगामात. तेव्हा ओव्हरलेची लिंक परत बदलावी लागणार, म्हणून त्याआधी आयडीवर चालणारा ओव्हरले शोधतोय. कुणी वापरत असाल तर त्याचं नाव सांगा, या रविवारी बसवून बघतो.