मुलांचा आत्मसन्मान कशावर पोसतो

मुलांचा आत्मसन्मान वाढवायचा म्हणजे त्यांना ऊठसूट हुशार, गुणी, सगळ्यांत पुढे असे म्हणत राहायचे, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. सोलापुरातल्या माझ्या घरी रविवारी सकाळी आसपासची मुले चित्रे काढायला आणि गोष्टी सांगायला जमतात. त्यांच्या सहवासात माझे मत ठाम होत गेले आहे की, मुलाला स्वतःविषयी जे चांगले वाटते ते आपल्या विशेषणांमुळे नव्हे, तर त्याने केलेल्या कामाकडे कोणीतरी बारकाईने पाहिले या अनुभवामुळे.

याला संशोधनाचाही आधार आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीतल्या ज्या मुलांच्या बुद्धीचे कौतुक झाले, ती पुढे अवघड कोडी आली तेव्हा लवकर खचली. मेहनतीचे कौतुक झालेली मुले मात्र टिकून राहिली. २०१४ सालचा नेदरलँड्समधला प्रयोग तर मला अधिकच विचार करायला लावतो. तिथे मुलांनी व्हॅन गॉगच्या एका चित्राची नक्कल केली आणि काहींना एका व्यावसायिक चित्रकाराच्या नावाने अतिरंजित स्तुतीची चिठ्ठी मिळाली. ज्यांचा आत्मसन्मान मुळातच कमी होता, त्याच मुलांनी अशा स्तुतीनंतर अवघड चित्रे टाळली. ज्या मुलाला उभारी द्यावी म्हणून आपण शब्द उधळतो, नेमके तेच मूल त्या शब्दांच्या ओझ्याने मागे सरते.

म्हणून मी चित्र पाहताना 'छान' म्हणून थांबत नाही, प्रश्न विचारते. सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर एका मुलाने नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मिरवणुकीचे चित्र काढले होते. नंदीध्वज पेलणाऱ्या माणसाचे पाय त्याने एवढे फाकलेले का दाखवले, असे विचारताच तो जागेवरून उठला आणि म्हणाला, "काकू, वर जड असतं, म्हणून पाय असे रोवून उभं राहावं लागतं." मग तो स्वतःच तसा उभा राहिला. त्याने जे पाहिले होते ते चित्रात उतरले होते, आणि ते उतरले आहे हे त्याचे त्यालाच त्या क्षणी कळले.

दुसरी युक्ती मुलाच्या घरातल्या ज्ञानाला मान देण्याची. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीतली, घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी मराठीत अडखळते म्हणून गप्प बसायची. तिच्या आजोबांचे आयुष्य मागावर गेलेले. चादर कशी विणतात ते त्यांना विचारून आम्हाला सांग, एवढेच काम मी तिला दिले. ती कांडी (सूत गुंडाळलेली नळी) आणि धोटा (आडवा धागा नेणारे साधन) घेऊन आली, ताणा उभा आणि बाणा आडवा कसा जातो हे तिने दोऱ्यांनी करून दाखवले. नक्षी कशी उमटते, या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे नव्हते. पुढच्या रविवारी ती जकार्डचा, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राचा, भोके पाडलेला पुठ्ठा घेऊन आली आणि कोणता धागा वर उचलायचा हे ही भोके ठरवतात, असे तिने समजावले. अधूनमधून ती तेलुगू शब्द वापरत होती, पण कोणी हसले नाही, कारण त्या खोलीत ती गोष्ट ठाऊक असलेली ती एकटीच होती. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे हे आपण अभिमानाने सांगतो. ती विणणाऱ्यांच्या नातवंडांनाही तो अभिमान वाटायला हवा.

घरात खरे काम देणे हा तिसरा मार्ग: शेंगाची चटणी कुटणे, वाण्याचा हिशेब लिहिणे. काम खरोखर गरजेचे असावे, आणि मुलाने केल्यावर मोठ्यांनी ते गुपचूप पुन्हा करू नये, कारण मुलांच्या ते नेमके लक्षात येते. चित्रांवर तारीख घालून ती जपावीत, म्हणजे मुलाला तुलना करायची तर स्वतःच्याच जुन्या चित्राशी करता येते. लहान वयातल्या क्रमांकांच्या स्पर्धा मला म्हणूनच पटत नाहीत.

'मी ढच आहे' असे मूल वारंवार म्हणत असेल, शाळा टाळत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर मात्र या युक्त्यांवर विसंबू नये, समुपदेशकाला भेटावे. एरवी सुरुवात करण्यासाठी आजचे चित्र पुरेसे आहे. मुलाजवळ बसावे, त्यातली एखादी रेघ दाखवून ती तशी का काढली हे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत मोबाइल बाजूला ठेवून थांबावे.