परिवलनाची गणिते आणि ऊर्जेचा हिशोब

महाराष्ट्र मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात परिवलन गती, म्हणजे अक्षाभोवती फिरण्याची गती, हा पहिलाच धडा आहे आणि वर्षाच्या सुरुवातीलाच तो अनेकांचा धीर खचवतो. सूत्रे पाठ असतात, पण समोरच्या उदाहरणाला कोणत्या बाजूने हात घालावा हे उमगत नाही. अशा वेळी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा (ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, या नियमाचा) मार्ग आधी तपासून पाहावा, असे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो. ‘अमुक ठिकाणी पोहोचल्यावर वेग किती’ असा प्रश्न असेल, तर हा मार्ग बहुधा सर्वांत जवळचा ठरतो. मात्र तो कधी बंद असतो, हेही तितक्याच नीट समजून घ्यावे लागते.

एक मीटर लांबीची, ०.९ किलोग्रॅम वस्तुमानाची, सर्वत्र सारख्या जाडीची दांडी घ्या. तिचे एक टोक घर्षणरहित बिजागरीने भिंतीला जोडलेले आहे. दांडी आडवी धरून अलगद सोडली, तर ती उभ्या स्थितीतून जाताना तिचा कोनीय वेग किती असेल? बरेच विद्यार्थी टॉर्कपासून, म्हणजे बलाच्या फिरवण्याच्या परिणामापासून, सुरुवात करतात. आडव्या स्थितीत कोनीय त्वरण १४.७ रेडियन प्रति सेकंद वर्ग येते. तेच त्वरण शेवटपर्यंत टिकते असे धरून स्थिर त्वरणाच्या समीकरणात टाकले, की उत्तर ६.८ रेडियन प्रति सेकंद येते आणि ते चुकीचे असते. दांडी जसजशी खाली झुकते, तसतसे बिजागरीपासून वजनाच्या रेषेपर्यंतचे लंब अंतर घटत जाते, आणि दांडी उभी झाल्यावर टॉर्क शून्य होतो. टॉर्कचाच हट्ट धरायचा असेल तर समाकलन करावे लागते.

ऊर्जेच्या हिशोबाला वाटेत काय घडले याची गरज नसते. दांडीचे वस्तुमान केंद्र अर्धा मीटर खाली आले, म्हणजे ०.९ गुणिले ९.८ गुणिले ०.५, अर्थात ४.४१ ज्यूल स्थितिज ऊर्जा कमी झाली. टोकातून जाणाऱ्या अक्षाभोवती दांडीचे जडत्व आघूर्ण (फिरण्याच्या गतीतील बदलाला होणारा विरोध) वस्तुमान गुणिले लांबीच्या वर्गाचा एक तृतीयांश, म्हणजे ०.३ किलोग्रॅम मीटर वर्ग आहे. जडत्व आघूर्ण आणि कोनीय वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचे निम्मे म्हणजे ४.४१ ज्यूल, असे मांडले की कोनीय वेगाचा वर्ग २९.४ आणि कोनीय वेग ५.४२ रेडियन प्रति सेकंद मिळतो. बिजागरी दांडीवर बल लावते, ते क्षणोक्षणी बदलते, त्याची दिशाही बदलते. पण ज्या बिंदूवर ते लागते तो बिंदू जागचा हलत नाही, म्हणून त्या बलाने केलेले कार्य शून्य असते. जे बल कार्य करत नाही, ते माहीत नसले तरी अडत नाही. या पद्धतीचे खरे सामर्थ्य मला यातच दिसते.

तेच बल विचारले असेल, तर मात्र न्यूटनच्या नियमाकडे परतावे लागते. कोनीय वेग हाती असल्याने ते काम आता सोपे झालेले असते. उभ्या स्थितीत वस्तुमान केंद्राचे अभिकेंद्री त्वरण गुरुत्व त्वरणाच्या दीडपट येते, त्यामुळे बिजागरीवर दांडीच्या वजनाच्या अडीचपट, म्हणजे सुमारे २२ न्यूटन बल येते.

या उत्तरात एक फार सुंदर गोष्ट दडलेली आहे. दांडीच्या मोकळ्या टोकाचा वेग ५.४२ मीटर प्रति सेकंद आहे, तर एक मीटर उंचीवरून मुक्तपणे पडणाऱ्या दगडाचा वेग फक्त ४.४३ मीटर प्रति सेकंद असतो. दांडीचे टोक दगडाहून वेगवान कसे? बिजागरीजवळचे भाग मुक्तपणे पडले असते त्याहून सावकाश खाली येतात, आणि त्यांच्या वाट्याची ऊर्जा दांडीतील अंतर्गत बलांमार्फत टोकाकडच्या भागांना मिळते. हिशोब केला तर बिजागरीपासून बरोबर दोन तृतीयांश लांबीवरचा बिंदू असा सापडतो, की ज्याचा वेग कोणत्याही कोनात तितक्याच उंचीवरून पडलेल्या वस्तूएवढा असतो. ही दांडी लंबकाप्रमाणे झुलवली, तर तिचा आवर्तकाल नेमका तेवढ्याच, म्हणजे दोन तृतीयांश मीटर लांबीच्या साध्या लंबकाएवढा येतो.

वजनदार, लांबरुंद वस्तू लंबक म्हणून झुलवली तर ती किती लांबीच्या साध्या लंबकाशी जुळेल, हा प्रश्न सतराव्या शतकात फ्रेंच विद्वान मार्सेन यांनी तरुण डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांच्यासमोर ठेवला होता. हायगेन्स यांनी १६७३ साली प्रसिद्ध केलेल्या उत्तराचा आधार असा होता, की वस्तूचे सर्व कण एकमेकांपासून सुटे होऊन आपापल्या वेगाने वर गेले, तरी त्यांचा सामाईक गुरुत्वमध्य मूळ उंचीच्या वर जाऊ शकत नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम व्यापक रूपात मांडला तो १८४७ साली. म्हणजे नियमाला आजचे रूप येण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी, त्याच विचाराने परिवलनाचे एक अवघड कोडे सुटले होते. ऊर्जेची पद्धत ही परीक्षेपुरती पळवाट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

घरंगळणाऱ्या वस्तूंच्या उदाहरणांत खरी अडचण घर्षणाची असते. एक मीटर उंचीच्या उतरणीवरून वस्तू न घसरता घरंगळत खाली आली, की गमावलेली स्थितिज ऊर्जा पुढे जाण्याच्या आणि फिरण्याच्या गतिज ऊर्जेत वाटली जाते. भरीव गोलाच्या बाबतीत फिरण्याचा वाटा दोन सप्तमांश, चकतीत एक तृतीयांश, पातळ पोकळ गोलात दोन पंचमांश आणि कड्यात निम्मा असतो. म्हणून तळाशी भरीव गोलाचा वेग ३.७४, चकतीचा ३.६१, पोकळ गोलाचा ३.४३ आणि कड्याचा ३.१३ मीटर प्रति सेकंद येतो. वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही समीकरणातून गळून पडतात. एखादी काचेची गोटी आणि जाड धातूचे कडे तिरप्या फळीवरून एकदम सोडून पाहिले, तर गोटी लहान असूनही पुढे जाते.

‘पण घर्षणाने केलेले कार्य वजा करायला नको का?’ असा प्रश्न येथे दरवर्षी येतो आणि तो आलाच पाहिजे. घर्षण नसते तर वस्तू फिरलीच नसती, नुसती घसरत खाली आली असती. पण न घसरता घरंगळताना, पृष्ठभागाला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, म्हणून स्थितिक घर्षणाचे एकूण कार्य शून्य होते. ते पुढे जाण्याच्या गतीतून जेवढी ऊर्जा काढून घेते, तेवढीच फिरण्याच्या गतीला देते. ‘न घसरता’ हे शब्द प्रश्नात दिलेले नसतील, तर ती अट स्वतः तपासावी लागते, आणि ही तपासणी ऊर्जेने होत नाही, बलांनीच होते. तीस अंशांच्या उतरणीवर भरीव गोलासाठी घर्षण गुणांक किमान ०.१६५ असावा लागतो, तर कड्यासाठी ०.२८९. त्याहून कमी असेल तर वस्तू घसरते, काही ऊर्जा उष्णतेत जाते आणि वर काढलेले वेग लागू पडत नाहीत.

आता तीच दांडी बिजागरीवर उभी लोंबकळत ठेवा आणि १०० ग्रॅमचा शाडूचा गोळा १० मीटर प्रति सेकंद वेगाने, आडव्या दिशेने तिच्या खालच्या टोकावर आदळून तेथेच चिकटला असे समजा. दांडी किती अंशांपर्यंत वर जाईल? गोळ्याची गतिज ऊर्जा ५ ज्यूल आहे. ती सगळी दांडीला मिळाली असे धरले तर उत्तर सुमारे ८६ अंश येते. पण चिकटताना शाडू चेपतो आणि यांत्रिक ऊर्जा टिकत नाही. या क्षणापुरता बिजागरीभोवतीचा कोनीय संवेग (फिरण्याच्या गतीचा संवेग) टिकतो, कारण बिजागरीच्या धक्क्याचा त्या अक्षाभोवती टॉर्क शून्य असतो. आदळण्यापूर्वी हा संवेग १ किलोग्रॅम मीटर वर्ग प्रति सेकंद होता. दांडी आणि गोळा मिळून जडत्व आघूर्ण ०.४, म्हणून कोनीय वेग २.५ रेडियन प्रति सेकंद आणि गतिज ऊर्जा फक्त १.२५ ज्यूल. तीन चतुर्थांश ऊर्जा त्या एका धडकेत संपली. त्यानंतरच्या प्रवासात मात्र कार्य करणारे बल केवळ गुरुत्वाचे असल्याने ऊर्जेचे समीकरण पुन्हा निर्धास्तपणे लिहिता येते, आणि दांडी सुमारे ४० अंशांपर्यंत जाऊन थांबते.