डेव्हिड लोंच्या मागे सात महिने : दोन वाकलेल्या पाठी आणि एक वर गेलेला हात

मंडळी, मागची नोंद लिहिली तेव्हा मी हिटलरच्या नाकावर अडकलो होतो. त्याला चार महिने झाले. दुसरी वही संपली, तिसरी अर्धी भरली. नाक अजून मनासारखं जमलेलं नाही, पण आता त्याची चिंता वाटत नाही. असं का झालं ते जरा सविस्तर लिहितो. तुमच्यापैकी जे अर्कचित्रं काढतात त्यांच्या ते कामी येईल.

नव्याने आलेल्यांसाठी आधी थोडं मागचं. व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचं ‘राँदेव्हू’ (म्हणजे ठरवून झालेली भेट) हे चित्र मी हाताने उतरवून शिकतो आहे. लो मूळचे न्यूझीलंडचे, जन्म 1891चा, पण नाव झालं ते लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’ या वर्तमानपत्रातल्या चित्रांनी. हे चित्र 20 सप्टेंबर 1939चं. ऑगस्टच्या 23 तारखेला जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार केला, 1 सप्टेंबरला हिटलरचं सैन्य पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसलं, 17 तारखेला स्टालिनचं पूर्वेकडून. तिसऱ्या दिवशी हे चित्र छापून आलं. डावीकडे हिटलर, उजवीकडे स्टालिन. दोघं टोप्या उंचावून, कमरेत वाकून एकमेकांना नमस्कार करताहेत. एक विचारतो, पृथ्वीवरची घाण ती आपणच ना? दुसरा विचारतो, कामगारांचे रक्तपिपासू मारेकरी ते आपणच वाटतं? आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर एक प्रेत पडलेलं आहे.

आपल्याकडे या माणसाची रेष घरातलीच म्हणायला हवी. बाळासाहेब ठाकरे लोंचे चाहते होते हे सगळ्यांना माहीत आहे. 1960 साली ‘मार्मिक’ निघालं तेव्हापासूनची त्यांची चित्रं लोंच्या शेजारी ठेवून बघा, ब्रशचा तो जाड-बारीक फटकारा लगेच ओळखू येतो. आर. के. लक्ष्मण लहानपणी ‘द हिंदू’मध्ये लोंची चित्रं बघायचे आणि इंग्रजी सही नीट न लागल्याने कित्येक दिवस ती ‘काऊ’ अशी वाचायचे. मला ही गोष्ट फार आवडते. नाव नीट कळायच्या आधीच रेष त्या मुलापर्यंत पोहोचली होती.

आता कामाचं. पहिल्या नऊ नकला मी चेहऱ्यापासून सुरू केल्या. आधी मिशी, मग कपाळावरची बट, मग स्टालिनच्या जाड मिशा. चेहरे ओळखू यायचे, तरी चित्र मेलेलं वाटायचं. दोन बाहुले समोरासमोर उभे केल्यासारखं. दहाव्या वेळी चेहरे साफ सोडून दिले. मूळ चित्र उलटं करून टेबलावर ठेवलं आणि फक्त दोन पाठींच्या रेघा ओढल्या, मानेपासून कमरेपर्यंत. डोकं नाही, हात नाहीत. कागद सरळ केला आणि त्या दोन वाकड्या रेघांमध्येच सगळं चित्र दिसलं. लग्नाच्या मांडवात दोन व्याही भेटावेत तसं ते वाकणं आहे. त्यात घाई नाही, दबकणं नाही. पायाशी प्रेत आहे याची दखलसुद्धा त्या पाठींना नाही. चित्राचा सगळा संताप त्या अदबीत आहे. मी मात्र तो चार महिने नाकात शोधत होतो.

तेव्हापासून क्रम बदलला. आधी पाठ, मग पाय जमिनीवर कसे रोवलेत ते, मग हात आणि टोपी, चेहरा अगदी शेवटी. अकरावी नक्कल याच क्रमाने झाली आणि तीच भिंतीवर लावली आहे. स्टालिनची टोपी थोडी मोठी झाली आहे, पण पाठ बरोबर आहे.

या नजरेने मग बाकीचे जुने लोकही पुन्हा बघितले. जेम्स गिलरेचं 1805चं चित्र आठवा. ब्रिटनचा पंतप्रधान पिट आणि नेपोलियन एका टेबलावर बसून पृथ्वीच्या आकाराचं पुडिंग कापताहेत. पिटच्या हातातला काटा त्रिशूळासारखा, त्याने समुद्र उचललाय. नेपोलियन तलवारीने युरोप तोडतोय. गंमत बसण्यात आहे. उंच, सडपातळ पिट खुर्चीत निवांत बसलाय आणि बुटका नेपोलियन हात पुरावा म्हणून अर्धा उठलाय. दोघंही हावरे, पण कोणाची हाव पचणारी आहे आणि कोणाची उतावीळ, ते नुसत्या बैठकीवरून कळतं. जॉन टेनियलच्या 1890च्या चित्रातही तेच. पदावरून दूर केलेला जर्मन चॅन्सेलर बिस्मार्क जहाजाच्या शिडीवरून खाली उतरतोय आणि वरून कठड्याला टेकून तरुण कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, बघतोय. बिस्मार्कचं ते जड पावलांनी उतरणं एवढंच माझ्या वहीत तीन पानं भरून आहे. ब्रिटिश व्यंगचित्रकार इलिंगवर्थने 1962 साली क्यूबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचाच्या वेळी केनेडी आणि ख्रुश्चेव्हला बॉम्बवर बसवून पंजा लढवायला लावला, तेही याच पठडीतलं. तो पंजा मला अजून साधलेला नाही. एकमेकांत गुंतलेल्या बोटांची नुसती गिचमिड होते. कोणाला युक्ती माहीत असेल तर सांगा.

मधे एक महिना वेगळ्याच सरावात गेला, पण तो फार उपयोगी ठरला. 1937 साली ब्रिटनचे मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीत गेले तेव्हा लोंच्या चित्रांबद्दल तिकडे कडक नाराजी ऐकून आले. परत आल्यावर त्यांनी लोंना जरा सबुरीने घ्यायला सांगितलं. लोंनी काय करावं? हिटलर आणि मुसोलिनी यांची सरमिसळ करून ‘मझलर’ नावाचा एकच हुकूमशहा तयार केला. दोघांपैकी कोणीही तक्रार करायला गेलं की हा मीच, असं आधी कबूल करावं लागणार. पुढे नाझींनी ब्रिटन जिंकल्यावर पकडायच्या माणसांची यादी केली, तिच्यात लोंचं नाव होतं. एका ब्रशला एवढं घाबरणं म्हणजे त्या ब्रशला मिळालेली सगळ्यात मोठी दाद आहे असं मी मानतो.

तर मी तोच व्यायाम केला. दोन माणसं घ्यायची आणि एक बनवायचं. हनुवटी एकाची, भुवया दुसऱ्याच्या, असं केलं की तिसराच कोणीतरी तयार होतो आणि तो कोणाचाच वाटत नाही. मात्र एकाची चाल आणि दुसऱ्याचा जबडा घेतला तर दोघंही ओळखू येतात. पंधरा-वीस जोड्या केल्यावर हे लक्षात आलं. पुन्हा पाठ, खांदे, चाल.

साहित्याबद्दल थोडक्यात. कच्चं काम 2बी पेन्सिलीने, शाई चढवायला तीन नंबरचा गोल ब्रश, बारीक कामाला बोरू. गेल्या महिन्यात एका दुकानातून आणलेल्या कागदावर शाई पसरली आणि स्टालिनच्या कोटाची कड केसाळ झाली. आता नवा कागद आणला की कोपऱ्यात आधी एक रेघ ओढून बघतो, मगच हात लावतो. आणि मोठं काळं भरताना ब्रश नेहमी एकाच दिशेने न्या, नाहीतर वाळल्यावर पट्टे दिसतात.

आता माझं स्वतःचं पहिलं चित्र. विषय घेतलाय संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार. पंधरा सदस्य, त्यातले पाच कायमचे, आणि त्या पाचांपैकी एकाने विरोध केला की ठराव पडतो. बाकीचे चौदा बाजूने असले तरी. घोड्याच्या नालेसारखं टेबल, मागे नॉर्वेच्या पेर क्रोगने रंगवलेलं ते भलंमोठं भित्तिचित्र, त्यात राखेतून उठणारा फिनिक्स. सभागृह आयतंच चित्रासारखं आहे.

अडचण निघाली भलतीच. तिथे बाजूने मत द्यायलाही हात वर करतात आणि विरोधातही हातच वर करतात! चित्रात सगळे हात वर दाखवले तर कोण कुठे ते कळणार नाही. पहिली तीन कच्ची चित्रं यातच गेली. एकदा नकाराचा हात अवाढव्य केला, तर ते वर्गात उत्तर द्यायला उतावीळ झालेल्या मुलासारखं दिसलं. एकदा मुठीत हातोडा दिला, पण ते खोटं वाटलं. तिथे कोणी हातोडा आपटून नकार देत नाही.

मग मतदानाच्या चित्रफिती शांतपणे बघत बसलो. अध्यक्ष आधी बाजूच्यांना हात वर करायला सांगतात, ते हात खाली येतात, मग विरोधकांना विचारतात. म्हणजे नकाराच्या क्षणी चौदा हात नुकतेच खाली आलेले असतात. मला हवा होता तो क्षण हाच. चौदा जणांच्या बाह्या कोपरापर्यंत सरकलेल्या, कोणी कफ सारखा करतोय, कोणाचा तळवा अजून टेबलाला पुरता टेकलेला नाही. आणि एक हात वर. तो ताठ उगारलेला नाही. कोपर टेबलावर टेकलेलं, मनगट सैल, बोटं किंचित वाकलेली, हॉटेलात वेटरला बिल आणायला खुणावतो तसा. टेबलाबाहेर पुढच्या कोपऱ्यात ढिगाऱ्यावर बसलेली एक बाई, पाठमोरी. हाताची सावली तिच्यापर्यंत येते.

कोपर टेबलावर टेकलं आणि चित्र उभं राहिलं. घरी मोठ्या बहिणीला दाखवलं. तिला या विषयाची काडीची आवड नाही. बराच वेळ बघून ती म्हणाली, “अरे, हा माणूस किती सहज बसलाय.” मला आणखी काही नको होतं.

हात वर केलेल्या माणसासमोरच्या पाटीवर देशाचं नाव लिहायचं की नाही, यावर आठवडाभर घोळ चालला होता. सगळ्यात जास्त वेळा हा अधिकार रशियाने, आधीच्या सोव्हिएत संघाने वापरला. अमेरिकेनेही गाझाच्या ठरावांवर वापरला. एकाचं नाव लिहिलं तर दुसरा सुटतो. सध्या पाटी कोरी ठेवली आहे आणि चेहराही हाताच्या आड गेलाय. लोंनी मात्र नावं घेतली होती, चेहरे दाखवले होते, आणि त्याची किंमत मोजायची तयारी ठेवली होती. त्यामुळे ही कोरी पाटी मला टोचते आहे. कदाचित एकाच रचनेची दोन चित्रं करीन, पाट्या वेगळ्या, हात तोच. तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट सांगा, आडपडदा नको.

शाई अजून चढवलेली नाही. फिनिक्स हाताच्या मागे नेमका कुठे येतो ते ठरवायचं राहिलंय, आणि त्या बाईची पाठ आतापर्यंत सहा वेळा खोडली आहे. ती फार वाकली की केविलवाणी होते, ताठ केली की पुतळा होतो. सातव्यांदा रविवारी सकाळी, खिडकीपाशी उजेड चांगला असतो तेव्हा बसणार आहे.