टेलाच्या रेडिएटरपर्यंत पाणी : आमची वाटचाल

इंग्लंडात घरं तापवायची यंत्रणा बसवणं आणि दुरुस्त करणं हा आमचा धंदा. आमच्या व्हॅनमध्ये बॉयलरचा धूर तपासायचं यंत्र आहे, थर्मल कॅमेरा आहे, प्रेशर लावायचा पंप आहे. पण नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात एक चुंबक देतो. जुन्या स्पीकरमधून काढलेलं, भाकरीच्या तुकड्याएवढं. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे शाळेत शिकलेलं असतं. मग तांब्याच्या पाइपवरून ते फिरवत न्यायचं आणि जिथे चिकटेल तिथे खडूने खूण करायची. तिथे आत गाळ बसलेला असतो. खोली तापवणाऱ्या रेडिएटरचं पोलाद आतून गंजतं, त्याची काळी भुकटी पाण्याबरोबर फिरते आणि वळणावर, टी-जोडावर किंवा टाकीतून गार पाणी येतं त्या सांध्यावर थर धरते. त्या खुणेवर पाइप कापला की बऱ्याचदा पेन्सिलच्या शिशाएवढंच भोक उरलेलं दिसतं.

लीड्समध्ये २०११ पासून आम्ही हे काम करतो. बॉयलरमध्ये पाणी तापवायचं, पंपाने घरभर फिरवायचं, रेडिएटरमधून खोलीला ऊब द्यायची आणि निवलेलं पाणी परत आणायचं. इंग्लंडमधल्या बहुतेक घरांत हीच रचना असते. आमच्या वडिलांना, आण्णांना, फोनवर समजावताना मी म्हणालो होतो, "आपला परसातला बंब धरा, त्याला पाइप जोडा आणि घरभर फिरवा."

"मग आंघोळ कशानं करता?" आण्णा म्हणाले.

आण्णांचं पलूसजवळच्या गावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि कॅनॉलच्या टेलाला, म्हणजे पार शेवटच्या टोकाला, दोन एकर ऊस. टेलाला जमीन असणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं. हेडवाल्यांची, म्हणजे कॅनॉलच्या तोंडाशी जमीन असलेल्यांची, दारं रात्रभर उघडी, त्यांच्या सऱ्या तुडुंब, आणि आमच्या पाटात बेडकाला पुरेल एवढं पाणी. सांगलीला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, भोसरीत एका कारखान्यात वाफेच्या बॉयलरवर सहा वर्षं काढली. पण आज ज्यावर पोट भरतो ती अक्कल त्या पाटावर, रात्री दारं धरताना आली.

२००५ मध्ये बायकोला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि मी तिच्या व्हिसाला जोडून आलो. पहिले आठ महिने गोदामात रात्रपाळी केली. मग एका म्हाताऱ्या यॉर्कशायरी प्लंबरकडे हाताखाली लागलो. तो हत्याराची पेटी व्हॅनमध्येच ठेवून घरात शिरायचा. आधी सगळ्या रेडिएटरांच्या दोन्ही पाइपांना हात लावून यायचा, मग चहा मागायचा, मग बोलायचा. मला तेव्हा तो कामचुकार वाटला होता.

मी आलो त्याच वर्षी, एप्रिलपासून, नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंग जातीचाच बसवायचा असा नियम इथे झाला होता. या बॉयलरची करामत अशी की धुरातल्या वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते तीही तो पकडतो. पण त्यासाठी परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असायला हवं, नाहीतर वाफ वाफच राहते आणि धुराड्यातून निघून जाते. आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांनी बॉयलर नवे बसवले आणि पाण्याच्या तापमानाचं बटण मात्र जुन्या सवयीने ८० अंशांवर ठेवलं. लोक जास्तीचे पैसे देऊन घेतलेल्या बॉयलरचा जास्तीचा फायदा आकाशात सोडत राहिले. अजूनही सोडतात. सर्व्हिसला गेलो की मी पहिल्यांदा तो आकडा बघतो, आणि घर तापत असेल तर ६० वर आणून ठेवतो. याचे पैसे लावत नाही.

गॅसच्या कामाला इथे गॅस सेफची, म्हणजे गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीतली, नोंदणी नसताना हात लावणं गुन्हा आहे. परीक्षा, प्रात्यक्षिकं, कुणाच्या तरी देखरेखीखाली केलेल्या कामाचे पुरावे, असं करत मला कार्ड मिळायला २०१० उजाडलं. त्याच डिसेंबरात अशी थंडी पडली की कंडेन्सिंग बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचे बारीक पाइप घराबाहेर गोठून बंद पडले आणि गावभरचे बॉयलर गुडगुड करत थांबले. म्हातारा प्लंबर आणि मी किटलीतलं कोमट पाणी घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून फिरत होतो. पाइप बाहेर काढायचाच तर जाड काढायचा, उतार द्यायचा आणि वर वेष्टन घालायचं, हे त्या महिन्याने शिकवलं.

पुढच्या वर्षी म्हातारा निवृत्त झाला. मी त्याची जुनी व्हॅन विकत घेतली. बायको रात्रपाळीवरून येऊन बिलं करायची. पहिल्या वर्षी आमच्याकडे आलं ते दुसऱ्यांनी सोडलेलं काम. त्यात एका आजींचं घर होतं. लाल विटांचं, एकमेकांना पाठ लावून बांधलेलं, लीड्समध्ये अशा घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. नवा बॉयलर बसून वर्ष झालं होतं, पंप बदलला होता, रसायन घालून धुलाई झाली होती, आणि पोटमाळ्यावरची खोली तरीही गार. मीही दोन दिवस डोकं खाजवलं. रात्री आण्णांचा फोन आला तेव्हा सहज बोलून गेलो.

"आरं, टेलाला पाणी जाईना तर टेलाला काय बघतोस?" आण्णा म्हणाले. "हेडची दारं चेप की."

मला तेव्हा खरोखर लाज वाटली. रेडिएटरच्या एका टोकाला टोपीखाली एक व्हॉल्व्ह असतो, लॉकशील्ड म्हणतात. सगळ्यांचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे असले की पाणी पंपाजवळच्या दोनतीन रेडिएटरांतूनच फिरून परत येतं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्याचे तिन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून फक्त अर्धा-अर्धा आटा उघडले, वरचा पूर्ण उघडा ठेवला आणि प्रत्येक रेडिएटरच्या येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यातला फरक मोजत दुपारपर्यंत घिरट्या घातल्या. दीड वाजता आजी पोटमाळ्यावर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्याच नाहीत. सामानाचा खर्च शून्य. त्या गल्लीतली पुढची अकरा कामं त्यांनी मिळवून दिली.

तेव्हापासून आमचा नियम झाला : बॉयलर बदला असं म्हणण्याआधी पाणी कुठून कुठे जातं ते बघायचं. याने बिल लहान होतं हे खरं. बायको हिशेबाची वही पुढे सरकवून हे अधूनमधून ऐकवतेही.

कधीकधी उत्तर फोनवरच मिळतं. "बॉयलरचं प्रेशर रोज उतरतं, आम्ही रोज पाणी भरतो," असं कुणी म्हणालं की मी विचारतो, तापल्यावर काटा ३ बारकडे जातो का? गेला तर गळती शोधत फरशा उखडू नका. तापलेलं पाणी फुगतं, त्याला जागा द्यायला बॉयलरमध्ये रबरी पडद्याचा डबा असतो, त्यातली हवा गेलेली असते. मग सेफ्टी व्हॉल्व्ह भिंतीबाहेर पाणी टाकतो आणि गार झाल्यावर काटा शून्यावर येतो. डब्यात हवा भरायला अर्धा तास लागतो. रोज नवं पाणी भरणं मात्र वाईट, कारण त्यातून येणारा ऑक्सिजन रेडिएटर खातो.

सगळ्यात मजा आली ती एका ऑगस्टमधल्या तक्रारीला. हीटिंग बंद, फक्त आंघोळीच्या पाण्याची टाकी तापतेय, आणि जिन्यावरचा एकच रेडिएटर चटका बसेल असा गरम. आधीच्या दोघांनी रेडिएटरांकडे जाणारं पाणी अडवणारा मोटरवाला व्हॉल्व्ह एकदा नव्हे, दोनदा बदलला होता. तर्क सरळ होता, व्हॉल्व्ह गळतोय म्हणून पाणी शिरतंय. पण व्हॉल्व्ह गळत असता तर पाणी रेडिएटरमध्ये येण्याच्या पाइपने आलं असतं. मी म्हाताऱ्यासारखा हात लावून बघितलं. जाण्याचा पाइप कढत आणि येण्याचा त्याहून निवलेला. पाणी उलटं चढत होतं! फळ्या उचलल्यावर दिसलं की कुणीतरी, जवळ पडतो म्हणून, त्या रेडिएटरचा परतीचा पाइप थेट गरम पाण्याच्या टाकीच्या परतीला जोडला होता. टाकीतून निघालेल्या पाण्यातलं थोडं त्या आडवाटेने मागून रेडिएटरमध्ये घुसायचं आणि बाकीच्या रेडिएटरांतून फिरून बॉयलरकडे जायचं. दीड मीटर पाइप टाकून त्याची परती बाकीच्या रेडिएटरांच्या परतीला नेली आणि काम संपलं. टाकीची परती सगळ्यात शेवटी, बॉयलरजवळ मिळाली पाहिजे, हे सूत्र माझ्या पोरांना आता झोपेतही म्हणता येतं.

२०१५ नंतर आम्ही नव्या कामांचं डिझाइनही करू लागलो. इथे घराला ३० किलोवॅटचा बॉयलर सर्रास असतो. शॉवरला मिनिटाला १२ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायचं तर साधारण तेवढी ताकद लागतेच. पण तेच घर तापवायला कडक थंडीतही ६-७ किलोवॅट पुरतात. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीसाठी घेतलेला बैल दिवसभर कुंडीतली तुळस नांगरतो. मग तो सारखा चालू-बंद होतो आणि लवकर खराब होतो. म्हणून आम्ही आधी खोलीखोलीचा उष्णतेचा हिशेब मांडतो. नऊ इंची विटांची भिंत किती, खिडकी किती, माळ्यावर ऊब धरून ठेवणारी लोकर किती, बाहेर उणे तीन असताना आत २१ ठेवायला किती वॅट लागतील. याला अर्धा दिवस जातो. आम्ही त्याचे पैसे घेतो म्हणून काही गिऱ्हाईकं जातात, जावोत.

मराठी गिऱ्हाईकंही आहेत, बहुतेक आयटीतली. त्यांच्याकडे बिघाड कमी आणि गैरसमज जास्त. थर्मोस्टॅट ३० वर नेला की घर लवकर तापेल, हा त्यातला पहिला. काकू, तो गिझर नाही, तो फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. पण पोहे मिळतात, म्हणून रागावता येत नाही.

आण्णा एकदाच आले, २०१८ च्या फेब्रुवारीत, आणि नेमकं त्याच आठवड्यात रशियाकडून वारं सुटून सगळा देश बर्फाखाली गेला. माकडटोपी घालून व्हॅनमध्ये माझ्याशेजारी बसायचे. एका घरात मी बॉयलर उघडून बसलो असताना ते सरळ रेडिएटरजवळ गेले, दोन्ही पाइप दोन हातांत धरले आणि म्हणाले, "एक कढत, एक कोमट. ह्यो बराय. पलीकडचा बघ." पलीकडच्याचे दोन्ही पाइप सारखेच कढत होते, म्हणजे पाणी ऊब न सोडताच धावत होतं. म्हाताऱ्या यॉर्कशायरी माणसाची आणि यांची गाठ घालून द्यायची राहून गेली.

आता आमची मोठी चूक. २०२२ मध्ये हीट पंपाला, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर ओढून घरात आणणाऱ्या मशीनला, नवं सरकारी अनुदान सुरू झालं, तेव्हा पाच हजार पौंड, पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून साडेसात. आम्ही उत्साहाने पहिलं काम घेतलं, एका निवृत्त शिक्षक जोडप्याचं, सत्तरच्या दशकातलं घर. उष्णतेचा हिशेब बरोबर होता : ७ किलोवॅट. रेडिएटरही मोठे घातले, कारण पाणी सरासरी ७० वरून ५० वर आलं की रेडिएटरची ताकद जवळजवळ निम्मी होते, हे ठाऊक होतं. विसरलो ते पाणी. बॉयलरच्या पाण्यात जाता-येता २० अंशांचा फरक ठेवता येतो, हीट पंपाला साधारण ५. म्हणजे तेवढ्याच उबेला चौपट पाणी फिरवायचं, मिनिटाला ५ लिटरऐवजी २०. आणि त्या घरात रेडिएटरांना जाणारे पाइप होते १० मिलीमीटरचे. मी ते बघितले होते. जमिनीखालचं उकरायला नको, चालून जाईल, असं स्वतःला सांगितलं होतं.

नोव्हेंबरात पाइप शिट्ट्या मारायला लागले. मशीन चालू व्हायचं, पाणी पुरेसं नाही म्हणून थांबायचं. घर १७ च्या वर जाईना. टेलाच्या शेतकऱ्याच्या पोराने पाटच अरुंद ठेवला होता. जानेवारीत फळ्या उचलून सगळीकडे नवे जाड पाइप टाकले, छताला गिलावा आणि रंग केला, सगळं आमच्या खर्चाने. त्या वर्षी गावी जाणं रद्द झालं. बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

त्या घरातल्या बाईंनी आम्हाला हाकललं नाही. शिक्षिका होत्या, त्यांनी वही घातली. बाहेरचं तापमान, मशीनमधून जाणारं पाणी, परत येणारं पाणी, खोली, असे चार रकाने. मागच्या जानेवारीत बाहेर उणे चार होतं त्या सकाळी त्यांचा मेसेज आला : जाणारं ४६, येणारं ४१, बैठकीची खोली २१. मी तो छापून ऑफिसात लावला. खाली त्यांची आणखी एक ओळ होती, की बाथरूममधली टॉवेल वाळवायची नळी मात्र टोकाला गारच राहते. सोमवारी पोराला पाठवलं, चुंबक देऊन.